मधली नोट

मार्गळी, आपल्या मार्गशीर्षाच्या आसपासचा तमिळ महिना, पुन्हा लागला आहे. पहाटे पाचला कोपऱ्यावरच्या पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातला कर्णा बोलू लागतो, आणि त्याच्याही आधी रस्त्यावर बादल्यांचे आवाज सुरू झालेले असतात. दारोदार सडा पडतो. ओल्या मातीवर तांदळाच्या पिठाची कोलमं उमटतात. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, फक्त ठिपके जास्त आणि रेघ वळत वळत पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणारी. मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. कुंभकोणम्‌ची थंडी ती काय, पण इथली माणसं कानाला मफलर गुंडाळून देवळाच्या दारात उभी राहतात, आणि हातातल्या द्रोणातल्या पोंगलचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, तुपामिऱ्याचा वास आमच्या ओसरीपर्यंत येतो.

सगळ्यांना हा महिना आवडतो. मलाही आवडायचा. आता मात्र कर्णा सुरू झाला की मी दचकून जागी होते. उठून बसते, घड्याळ पाहते, आणि काहीच चुकलेलं नाही हे स्वतःला समजावत राहते. सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका मार्गळीनं माझ्यात हे ठेवून दिलं आहे.

आमचं घर इथल्या मराठी घरांपैकी एक. मराठा राजांच्या मागून केव्हातरी पूर्वज इकडे आले आणि राहिले. बाहेर तमिळ, उंबरठ्याच्या आत मराठी. तीही त्या काळातच थांबून राहिलेली. शेजारीपाजारी आम्हांला ‘रायर’ म्हणतात. अप्पांना नोकरी मात्र महाराष्ट्रात लागली, नोटांच्या एका छापखान्यात, त्यामुळे माझं शिक्षण तिकडच्या मराठी शाळेत झालं. पहिल्याच दिवशी मी बाईंना म्हणाले होते, “मज पाणी पाहिजे.” अख्खा वर्ग हसला. घरी येऊन रडले तेव्हा अप्पा म्हणाले, “त्यांस नवे कळते, तुज जुने आणि नवे दोन्ही कळेल.” पुढे अप्पा निवृत्त झाले, आम्ही परत कुंभकोणम्‌ला आलो, आणि मी इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले.

अप्पा छापखान्यात तपासनीस होते. छापलेला ताव समोर यायचा, एका तावावर कितीतरी नोटा, आणि त्यात दोष शोधायचा. वर्षानुवर्षं हेच. कामावर जाताना खिशात एक नाणंसुद्धा न्यायची सोय नव्हती, आणि घरी निघताना झडती. इतका पैसा रोज डोळ्यांखालून जाई, पण अप्पांना तो पैसा वाटतच नसे. त्यांना दिसे तो कागद, शाई आणि चूक.

चुका कशा होतात हे ते फार प्रेमानं सांगत. माझ्या लहानपणच्या गोष्टी याच. कागद हवेतली ओल पितो आणि केसाएवढा फुगतो. मग आधी छापलेल्या रंगावर नंतरची रेघ नेमकी बसत नाही. पत्र्यावरची जादा शाई नीट पुसली गेली नाही तर नोटेवर धुरासारखा डाग येतो. आकड्यांच्या चाकांतलं एखादं चाक अर्ध्यावर अडतं आणि सात आणि आठ यांच्या मधलाच एखादा आकडा उमटतो, जो कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. कापणीचं पातं सरकलं तर एका नोटेच्या कडेला शेजारणीची कड येते. आणि चुणी. मशीनमध्ये शिरताना तावाला एक चुणी पडते, तशीच दाबली जाते, तशीच छापली जाते. पुढे कुणाच्या तरी हातात ती चुणी उलगडते आणि आतला कोरा कागद बाहेर येतो.

“म्हणजे नोट खोटी होते?” मी विचारायचे.

“खोटी कशी? अंगरख्याची घडी मोडली तर अंगरखा दुसऱ्याचा होतो का?”

निवृत्तीनंतर तपासायला ताव उरले नाहीत, पण डोळे तसेच राहिले. लग्नाची पत्रिका आली की अप्पा भिंग काढत. औषधाच्या पाकिटावरची तारीख, विजेचं बिल, दुधाच्या पिशवीवरची शाई, सगळं बघून होई. अम्मा सडा घालून कोलम काढायची तर अप्पा मागे उभे. “तिसऱ्या ओळीत एक ठिपका कमी आहे.” अम्मा पिठाचा हात झटकून म्हणायची, “पेरुमाळ मोजत नाही, तुम्ही मोजू नका.” पण एखादा दोष सापडला की अप्पांना दिवसभर चैन पडत नसे. जेवण कमी होई, झोप उडे. म्हणून आम्ही दोघी लहानसहान गोष्टी त्यांच्यापासून लपवायला शिकलो होतो. फुटलेली कपबशी, चुकून दोनदा भरलेलं बिल. आणि त्या मार्गळीत ती नोट.

वैकुंठ एकादशीला दोन दिवस होते. शाळेतून येताना मी एटीएममधून पैसे काढले. पाचशेच्या कोऱ्या करकरीत नोटा. बाहेर येऊन मोजताना एक बोटाला वेगळी लागली. उजेडात पाहिली तर चेहऱ्याच्या एका कडेवरून, वरपासून खालपर्यंत एक पांढरी पट्टी. मुगाच्या दाण्याएवढी रुंद. तिथे काहीच छापलेलं नव्हतं. जणू कुणी चित्र फाडून दोन तुकडे एकमेकांपासून दूर ठेवले होते. नोट इतर नोटांपेक्षा किंचित लांबही होती.

मला अप्पांच्या गोष्टी आठवायला हव्या होत्या. आठवल्या नाहीत. खरं सांगायचं तर, पैसा हातात असला की माणसाला कागद दिसत नाही. मला दिसले ते माझे पाचशे रुपये, जे बहुतेक गेले होते. एटीएमच्या दारातला रखवालदार म्हणाला, बँक बंद झाली, उद्या या. मी कोपऱ्यावरच्या कॉफीपुडीच्या, म्हणजे कॉफीच्या भुकटीच्या, दुकानात गेले. पुडी दळून झाली, मी ती नोट दिली. दुकानदारानं ती वर धरली, खाली धरली, अंगठ्यानं पट्टी घासली आणि मागे उभ्या असलेल्या चार माणसांसमोर म्हणाला, “टीचर, ही चालणार नाही. दुसरी द्या. आणि जपून, हल्ली खोट्या फार येतात.”

चार माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतली एक माझ्या विद्यार्थिनीची आई. दुसरी नोट देऊन मी पुडी न घेताच निघाले. दुकानदारानं हाक मारून ती हातात दिली.

घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं. खोटी नोट बाळगणं, खोटी आहे हे ठाऊक असून चालवणं, त्याला काय शिक्षा. जे वाचलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती नोट मी पर्समधून काढून पुस्तकात ठेवली, पुस्तकातून काढून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली, मग वाटलं की लपवली म्हणजे माझ्या मनात पाप आहे असंच कुणी म्हणेल, म्हणून परत पर्समध्ये. पलीकडच्या खोलीत अप्पा भिंग घेऊन पंचांग वाचत होते. दहा पावलं. पण मी म्हटलं, नको, उगाच घोर लावून घेतील. आता वाटतं, घोर त्यांना लागेल याची भीती नव्हती. ‘उद्या बँकेत जाऊ’ असं ते म्हणाले असते, आणि काउंटरवर ती नोट घेऊन मला उभं राहावं लागलं असतं. ते मला नको होतं.

सकाळी अंजलै आली. अंजलै जवळच्या इन्नंबूर गावची. रोज पहिल्या बसनं पालेभाजीची टोपली घेऊन यायची आणि आमच्या रस्त्यावर सात-आठ घरं करून मग बाजारात बसायची. सडपातळ, उंच, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, बोलणं मोजकं. पालेभाजीचा हिशेब आम्ही महिन्याचा एकदम करायचो. त्या दिवशी महिना भरायला वेळ होता, पण ती ओसरीच्या पायरीवर टोपली ठेवून उभी राहिली.

“टीचरम्मा, मुलगी बाळंत झाली. इथल्याच आस्पत्रीत आहे. मूल बरं आहे, तिला ताप येतोय. बाहेरून औषधं आणायला सांगतात. या महिन्याचे आणि पुढच्याचे मिळतील का?”

“मिळतील की,” मी म्हणाले. आत आले. पर्समधून पाचशेच्या तीन नोटा काढल्या. दोन चांगल्या. त्यांच्या मधे ती ठेवली.

हे मी विचार न करता केलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला स्पष्ट आठवतं. ती वर ठेवली तर दिसेल, खाली ठेवली तर नोटा उलट्या धरल्यावर दिसेल, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात डोक्यात येऊन गेलं. आणि शेजारी एक सबबही तयार होती: ही बाजारात बसते, दिवसाला शंभर हातांशी व्यवहार, हिची कुठेही खपून जाईल. फाटकी नोट भाजीवाल्याला, गुळगुळीत नाणं रिक्षावाल्याला, असं आपण करतच असतो. बाहेर येऊन मी नोटा तिच्या हातात दिल्या. तिनं त्या कमरेच्या कापडी पिशवीत खोचल्या आणि म्हणाली, “द्वादशीला पहाटेच हादगा आणते. अम्मांना सांगा.”

ती गेली आणि मला हलकं वाटलं. तासभर. नंतर वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना हात मध्येच थांबला, कारण एकदम लक्षात आलं: ती औषधाच्या दुकानात जाणार आहे.

एकादशीचा दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. पहाटे देवळाचं उत्तरेचं दार उघडतं, त्यातून बाहेर पडलं की स्वर्ग मिळतो म्हणतात. अम्मा, अप्पा आणि मी रांगेत होतो. पुढचे मागचे एकमेकांना रेटत होते, कापूर डोळ्यांत जात होता, आणि दार उघडलं तेव्हा ‘गोविंदा’ असा एकच गजर झाला. अम्मा रडत होती, आनंदानं. मी त्या दारातून गेले तेव्हा माझ्या मनात फक्त हिशेब होता: कालच तिनं ती मोडली असेल, तर आतापर्यंत कळलं असतं, कळलं नाही, म्हणजे चालली. दिवसभर उपास. उपासानं डोकं दुखतंय असं मी सांगितलं, सगळ्यांनी मानलं.

द्वादशीला आमच्याकडे पारणं लवकर असतं. हादग्याचा पाला, आवळ्याची पचडी, हे लागतंच. अम्मानं पहाटेच नारळ खवून ठेवला, मुगाची डाळ भिजवली. साडेसहा झाले. सात झाले. अम्मा दारापर्यंत जाऊन आली.

“अंजलै कधी चुकत नाही. आज काय जाहले तिला?”

“बस चुकली असेल,” मी म्हणाले.

साडेसातला सेल्वम आला. सेल्वम मला शाळेत सोडणारा रिक्षावाला. त्यानं पायरीवर हादग्याची जुडी ठेवली.

“अंजलैअक्कानं आस्पत्रीच्या दारात दिली. म्हणाली, रायर घरात पोचव, त्यांचा उपास सुटायचा आहे.”

“ती का नाही आली?” अम्मानं विचारलं.

सेल्वमनं सांगितलं ते असं. काल संध्याकाळी अंजलै औषधाच्या दुकानात गेली होती. दोन नोटा घेतल्या गेल्या, तिसरी दुकानदारानं उजेडात धरली आणि ओरडायला लागला. तुमची टोळी आहे का, किती नोटा आहेत असल्या, पिशवी दाखव. माणसं जमली. पिशवीत चिल्लर आणि मुलीचा आस्पत्रीचा कागद निघाला. दुकानदारानं नोट ठेवून घेतली, एक इंजेक्शन देणं राहिलं होतं ते दिलं नाही. सकाळी दहाला बँकेत ये, तिथे शिक्का मारून तुझं नाव लिहून घेतील, आली नाहीस तर पोलिसांना सांगतो म्हणाला.

“मिळाली कुठे तिला ती?” अप्पा ओसरीवरून म्हणाले.

सेल्वम जरा घुटमळला. “ती म्हणाली, रायर घरातून. तर लोक तिलाच बोलले, अय्या. चांगल्या माणसांची नावं कशाला घेतेस म्हणाले. मग ती गप्प झाली.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “रमा, कोणती नोट?”

“मी नीट पाहिली नव्हती,” मी म्हणाले.

अप्पा उठले. आत जाऊन त्यांनी धोतर बदललं, अंगवस्त्र घेतलं, भिंग खिशात टाकलं. अम्मा म्हणाली, “दोन घास घेऊन जा, कालपासून पोटात काही नाही.” अप्पांनी हातानंच नको म्हटलं आणि रिक्षात बसले. मी शाळेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि त्यांच्या शेजारी बसले.

बँक दहाला उघडणार होती. त्याआधी अप्पांनी रिक्षा आस्पत्रीकडे घ्यायला लावली, पण अंजलै तिथून निघून गेली होती. मग आम्ही बँकेकडे वळलो. वाटेत मार्गळीतलं कुंभकोणम् होतं: पितळेच्या दुकानांची उघडणारी फळकुटं, कॉफीचा वास, पुसट होत चाललेली सकाळची कोलमं आणि त्यांवरून जाणाऱ्या सायकली.

“अप्पा, मी पाहिली होती.”

“हं.”

“तीन दिवसांपूर्वीच पाहिली. कॉफीच्या दुकानात घेतली नाही. मग मी मुद्दाम तिच्या नोटांमधे घातली.”

अप्पा रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं ते रागावतील, किंवा त्यांना चक्कर येईल, कालपासून उपाशी. त्यांनी विचारलं:

“पट्टी कशी होती? कोरी?”

“कोरी. पांढरी. आणि नोट जरा लांब होती.”

“चुणी,” ते म्हणाले. मग म्हणाले, “छापखान्यात ताव चुणला तर कोणास बोल लागत नसे. कागद आहे, चुणतो. पाहून पुढे सारला तर लागे.” त्यांनी अंगवस्त्रानं तोंड पुसलं. “मी सारला होता एकदा. पाळी सुटायला पाच मिनिटे होती. बाद करावा तर नोंद, सही, साहेबास बोलावणे. मी म्हटले पुढे आणखी एक डोळा आहे, तो पाहील. पुढे एक बाई होती, नवीन लागलेली. तिने नाही पाहिला. ताव परत आला तेव्हा लेखी ताकीद तिला मिळाली. मी बोललो नाही.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ठिपके मोजणारे अप्पा, भिंग घेऊन तारखा वाचणारे अप्पा. आम्ही त्यांना हसायचो. मी त्यांचा हात धरला, तो थंडगार होता.

बँकेत अंजलै बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. टोपली नव्हती सोबत. टोपलीशिवाय तिला मी पहिल्यांदा पाहिलं. आम्हांला बघून ती उठून उभी राहिली. औषधाचा दुकानदार काउंटरवर होता. पलीकडे एक तरुण अधिकारी, त्याच्या पुढ्यात ती नोट, एक छापील फॉर्म आणि उघडी शिक्क्याची गादी.

“नाव सांगा,” तो अंजलैला म्हणाला. “पत्ता.”

“थांबा,” अप्पा म्हणाले. “ही नोट आमच्या घरातली.”

“अय्या, तुम्ही बाजूला…”

“एटीएममधून माझ्या मुलीने काढली. तिला विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉफीच्या दुकानातल्या चार माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. मी म्हणाले, “मी काढली. मी यांना दिली. यांना काहीही माहीत नव्हतं.” आणि कुठल्या दिवशी, कुठल्या एटीएममधून, किती वाजता ते सांगितलं.

अधिकारी गोंधळला. शिक्का त्याच्या हातात तसाच होता. “पण नोट तर… हे बघा ना, मधे छपाईच नाही.”

“नसणारच,” अप्पा म्हणाले. “मी अशा नोटा पाहण्यात जन्म घालवला. मला हात लावू द्या. तुमच्या समोरच.”

त्यांनी नोट काउंटरवर सपाट ठेवली. भिंगातून पट्टीच्या कडा पाहिल्या. मग दोन्ही हातांच्या नखांनी, फार हळू, ती पांढरी पट्टी दुमडली, जशी साडीची निरी घ्यावी तशी. कागदाला ती घडी ठाऊकच होती. तो आपोआप बसला. आणि तुटलेली चित्रं जुळली. चेहऱ्याची रेघ चेहऱ्याच्या रेघेला, अक्षराचं अर्धं अक्षराच्या अर्ध्याला. पांढरं काहीच उरलं नाही. अप्पांनी त्या अधिकाऱ्याची स्वतःची एक नोट मागून तिच्यावर ठेवली. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या.

“ताव चुणलेला असताना छापला गेला. तसाच कापला गेला. मागून चुणी उलगडली. खोटी नोट करणारा अशी नोट करील का? त्याला चांगलीच करायची असते.” मग त्यांनी अधिकाऱ्याला उजेडात जलचिन्ह पाहायला लावलं, कागदातला धागा दाखवला, आणि त्याचा अंगठा धरून उठावाच्या शाईवरून फिरवला. “पाहा. बोटास लागते ना? हे घरच्या यंत्रावर होत नाही.”

अधिकारी नोट घेऊन आत मॅनेजरकडे गेला. कितीतरी वेळ आला नाही. दुकानदार घड्याळ बघत होता. अंजलै माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटत राहिलं की आतून कुणी पोलिसांना फोन करत आहे, की अप्पांचं काहीतरी चुकलं असेल, की वयानं डोळे फसले असतील. अप्पा काउंटरची कड धरून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, पण ते नाम घेत होते की नोटेच्या छपाईचे टप्पे पुन्हा आठवत होते, कोण जाणे.

मॅनेजरबाई स्वतः बाहेर आल्या. “नोट खरी आहे. छपाईचा दोष आहे, आम्ही ती बदलून देतो.” फॉर्म फाडला गेला. अंजलैच्या हातात दुसरी पाचशेची नोट आली. दुकानदार म्हणाला, “मला काय माहीत, माझी चूक काय त्यात?” अंजलै म्हणाली, “आता इंजेक्शन देता का?” आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.

मी तिच्या मागे धावले. औषध घेऊन ती बाहेर आली तेव्हा दुकानाच्या पायरीखाली तिला थांबवलं.

“अंजलै, मला माहीत होतं. नोट तशी आहे हे मी पाहिलं होतं. तरी तुला दिली.”

ती उभी राहिली. हातात औषधाची छोटी पिशवी. चमक्यांवर ऊन पडलं होतं.

“मला ठाऊक आहे, टीचरम्मा.”

“कसं?”

“बसस्टँडवर नोटा उलगडल्या तेव्हाच दिसली. मधे ठेवली होती. मधे काय आपोआप जाते?” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. “परत घेऊन येणार होते. मग म्हटलं, रायर घरचं आहे, कुणी विचारलं तर ते हो म्हणतील.”

ती आस्पत्रीकडे निघून गेली. मुलीचा ताप दोन दिवसांनी उतरला, पाचव्या दिवशी बाळबाळंतीण इन्नंबूरला घरी गेली. हे सेल्वमनं सांगितलं.

आम्ही घरी आलो तेव्हा पारण्याची वेळ कधीच टळली होती. अम्मानं पानं मांडली. हादग्याची भाजी गार झाली होती. अप्पा नीट जेवले, कितीतरी दिवसांनी पोटभर. मी भात नुसताच चिवडत होते, तर ते म्हणाले, “जेव. शाळेत मुली वाट पाहात असतील.” त्या दुपारी त्यांनी त्या छापखान्यातल्या बाईला पत्र लिहिलं. पत्ता शोधायला महिने लागले. उत्तर आलं नाही. ती बाई हयात होती की नाही हेही आम्हांला कळलं नाही.

अंजलै आठवडाभरानं पुन्हा टोपली घेऊन आली. पूर्वीसारखीच, मोजकं बोलत. फक्त महिन्याच्या शेवटी मी पैसे घेऊन बाहेर आले तर ती म्हणाली, “रायरय्यांना पाठवा.” अप्पा उठले, माझ्या हातातल्या नोटा घेतल्या आणि तिला दिल्या. त्यांच्याकडून तिनं न बघता घेतल्या. त्यानंतर दर महिन्याला तसंच.

दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले. तेरावा झाल्यावर अंजलै आली, अम्माजवळ बराच वेळ बसली, रडली. महिना भरला तेव्हा मी नोटा घेऊन पायरीवर गेले. ती जरा थांबली. मग हात पुढे केला, नोटा घेतल्या, पायरीवर बसली आणि माझ्यासमोर एकेक नोट मांडीवर पसरली. ही बाजू, ती बाजू. घाई नाही, संकोच नाही. सगळ्या पाहून झाल्यावर कमरेला खोचल्या आणि टोपली डोक्यावर घेतली.

अजूनही ती तसंच करते. काल महिना भरला, काल पाहिल्या तिनं. बाहेर मार्गळीचं कोवळं ऊन, कर्णा थांबलेला, अम्मा आत कुणाशीतरी फोनवर बोलत होती. मला वर्गाला उशीर होत होता. पण तिचं पाहून होईपर्यंत मी आत जात नाही.